विद्यापीठाचे नाव आणि रामानुजन यांची वही

शाळेच्या हीरक महोत्सवी अंकात गेल्या साठ वर्षांतील गुणवंत विद्यार्थ्यांचा उल्लेख होणे स्वाभाविक असते. त्यांच्या नावांपुढे त्यांनी पुढे जिथे शिक्षण घेतले त्या संस्थांची नावेही येतात. ती वाचताना आज दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला तरच आयुष्य घडते काय? आणि तो मिळाला नाही, तर पुढचे दरवाजे बंद झाले असे समजायचे काय?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ज्या एका आयुष्यात एकत्र आल्या, ते आयुष्य थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे होय. दोन महाविद्यालयांत शिकूनही ज्यांना एफ.ए.ची परीक्षा उत्तीर्ण होता आले नाही, ते पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. त्यांच्या चरित्राचा दाखला देऊन कोणी सांगतात की थोर माणसाला विद्यापीठाची गरजच नसते. त्याच चरित्राच्या आधारे दुसरे कोणी सांगतात की केंब्रिज नसते तर रामानुजन मद्रासच्या बंदरातील कारकून म्हणूनच संपले असते. यांतील कोणते खरे, हे ठरवण्यासाठी ते आयुष्य क्रमाने पाहिले पाहिजे.

रामानुजन यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 रोजी तमिळ प्रदेशातील ईरोड येथे आजोळी झाला. त्यांचे बालपण गेले ते कावेरीकाठच्या कुंभकोणम या देवळांच्या गावी. वडील श्रीनिवास अय्यंगार कापडाच्या पेढीवर कारकून होते. आई कोमलतम्माळ देवळात भजने गात आणि त्यातून संसाराला थोडाफार हातभार लागे. घरी विद्वत्तेची परंपरा होती असे नाही, पुस्तकांचा संग्रहही नव्हता. सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरील लहानशा घरात ओटीवर बसून हा मुलगा पाटीवर गणिते सोडवी.

1897 मध्ये प्राथमिक परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले आणि कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले. या शाळेने त्यांना ओळखले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथील ज्येष्ठ गणितशिक्षक शाळेचे वेळापत्रक बसवण्याचे किचकट काम या विद्यार्थ्यावर सोपवीत. 1904 च्या बक्षीस समारंभात त्यांना गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक मिळाले, तेव्हा मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी या मुलाची योग्यता पूर्ण गुणांपेक्षाही अधिक आहे, अशा आशयाचे उद्गार जाहीरपणे काढले. परीक्षेच्या मापाने हा विद्यार्थी मोजता येणार नाही, हे एका गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांनी जाणले होते.

त्यापूर्वी, पंधरा-सोळाव्या वर्षी, त्यांच्या हाती एक ग्रंथ पडला. जी. एस. कार यांच्या त्या ग्रंथात गणिताची हजारो सूत्रे आणि प्रमेये ओळीने दिलेली होती. सिद्धता मात्र फार थोड्या आणि त्याही त्रोटक होत्या. कार हे इंग्लंडमध्ये खासगी शिकवण्या घेत असत आणि परीक्षार्थींची उजळणी व्हावी हा त्या ग्रंथाचा हेतू होता. ज्याला शिकवणीवाल्याचे टिपण म्हणावे, अशा त्या पुस्तकाने कुंभकोणमच्या मुलाचे जग बदलले. सिद्धता दिलेल्या नाहीत, तर त्या आपणच शोधायच्या, असे त्यांनी जणू ठरवले. एक सूत्र सिद्ध करता करता नवीन दहा सूत्रे सापडत आणि ती वहीत उतरत. कागद महाग होता, म्हणून आकडेमोड पाटीवर होई, कोपराने पुसली जाई आणि वहीत केवळ निष्कर्ष शिल्लक राही. अभ्यासाच्या या पद्धतीचे बळ आणि तिच्यातील उणीव या दोहोंचा परिणाम त्यांच्या पुढील आयुष्यावर झाला.

1904 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेले. तेथे इंग्रजी होते, इतिहास होता, शरीरशास्त्रही होते. आणि गणित हा अनेक विषयांपैकी एक विषय होता. रामानुजन यांचे मन मात्र गणिताखेरीज कशातच लागेना. इंग्रजी निबंधलेखनात ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. फी भरण्याची ऐपत नव्हती. 1905 मध्ये ते कोणाला न सांगता घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेले. पुढच्या वर्षी मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रयत्न झाला. 1906 च्या अखेरीस एफ.ए.च्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. 1907 मध्ये बाहेरून बसले, तेव्हाही निकाल तोच लागला. पदवीचा मार्ग तेथेच खुंटला.

येथे कोणावरही दोष ठेवणे सोपे आहे. पण महाविद्यालयांनी लबाडी केली नव्हती आणि परीक्षकांचा आकसही नव्हता. सर्व विषयांत किमान गुण मिळवणाऱ्याला पुढे पाठवायचे, असा नियम होता आणि तो नियम सर्वांना सारखा लावला गेला. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर हा विद्यार्थी खरोखरच अनुत्तीर्ण होता. अडचण एवढीच होती की त्याच्या वहीत काय लिहिले आहे, हे पाहणे परीक्षेच्या कामात बसत नव्हते.

त्यानंतरची वर्षे ओढगस्तीची गेली. शिकवण्या मिळत, पण टिकत नसत. कारण विद्यार्थ्याला परीक्षेपुरते शिकवणे त्यांना साधत नसे. 1909 मध्ये आईने त्यांचे लग्न जानकी हिच्याशी लावून दिले. वधू त्या वेळी जेमतेम दहा वर्षांची होती. आता नोकरी शोधणे भाग होते. पदवी नव्हती, शिफारस करणारा कोणी नव्हता. होत्या त्या केवळ वह्या. त्या काखेत घेऊन रामानुजन भेटीगाठी घेत हिंडू लागले.

1910 मध्ये ते तिरुक्कोयिलूर येथील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. आपल्या कचेरीत एखादी कारकुनाची जागा द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. रामस्वामी अय्यर गणिताचे व्यासंगी होते. 1907 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ती संस्था उभी राहिली होती जी आज इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने ओळखली जाते. त्यांनी वह्या चाळल्या आणि हा तरुण महसूल खात्यातील लेखणी झिजवण्यासाठी जन्मलेला नाही, हे ओळखून नोकरी न देता मद्रासमधील गणितज्ञ मित्रांकडे परिचयपत्रे देऊन पाठवले.

या संस्थेचा महाराष्ट्राशी असलेला संबंध येथे सांगितला पाहिजे. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि त्याची व्यवस्था प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पाहत. कोकणातील मुर्डी गावी जन्मलेले परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत अग्रस्थानी येऊन सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. कोणत्याही मोठ्या सरकारी नोकरीचे दार त्यांना उघडे होते. तरीही आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे ते पुण्यास परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि अल्प वेतनावर त्यांनी फर्ग्युसनमध्ये अध्यापन केले. केंब्रिजची सर्वोच्च मोहोर ज्यांच्यावर उमटली ते परांजपे आणि जे एफ.ए.सुद्धा होऊ शकले नाहीत ते रामानुजन, यांची नावे अशी एका संस्थेच्या कार्यात जवळ येतात. याच संस्थेच्या नियतकालिकात 1911 मध्ये रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकाच्या नावापुढे पदवी नाही म्हणून संपादकांनी तो बाजूला ठेवला नाही.

परिचयपत्रांच्या मालिकेतून रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. प्रथम राव यांना शंका आली, नंतर कुतूहल वाटले आणि अखेरीस खात्री पटली. त्यांनी दरमहा 25 रुपये स्वतःच्या खिशातून देण्यास प्रारंभ केला. सुमारे वर्षभर रामानुजन यांनी या मदतीवर अभ्यास केला. पण दुसऱ्याच्या उपकारावर जगणे त्यांना रुचेना. 1 मार्च 1912 रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात दरमहा 30 रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. त्यांचे वरिष्ठ एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. संध्याकाळी काम संपल्यावर हे दोघे पाट्या घेऊन बसत. एवढ्या भराभर पायऱ्या गाळून पुढे गेलात तर तुमचे म्हणणे दुसऱ्या कोणास समजणार नाही, असे नारायण अय्यर त्यांना बजावीत आणि मधल्या पायऱ्या लिहावयास लावीत. बंदराचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही आपल्या कारकुनाच्या बाजूने शब्द टाकला.

या सर्वांच्या आग्रहाने इंग्लंडमधील गणितज्ञांना पत्रे लिहिण्याचे ठरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील प्राध्यापक हिल यांनी काही सूचना केल्या, पण विद्यार्थी म्हणून स्वीकारण्याची तयारी दाखवली नाही. केंब्रिजमधील एच. एफ. बेकर आणि ई. डब्ल्यू. हॉब्सन यांच्याकडून साहाय्य मिळाले नाही. हे दोघेही आपापल्या वर्षी सीनियर रँग्लर झालेले, मान्यवर गणिती होते. 16 जानेवारी 1913 रोजी रामानुजन यांनी तिसऱ्या केंब्रिजकरांना पत्र धाडले. ते होते ट्रिनिटी कॉलेजचे जी. एच. हार्डी. त्यांचे वय तेव्हा 35 वर्षांचे होते. ज्या परीक्षेच्या क्रमवारीत परांजपे पहिले आले, त्याच क्रमवारीत हार्डी आदल्या वर्षी चौथे आले होते. ही परीक्षा खऱ्या गणिताला मारक आहे, असे त्यांचे ठाम मत होते आणि तिच्या सुधारणेसाठी त्यांनी चळवळही केली. 1909 नंतर ती जाहीर क्रमवारी बंद झाली.

पत्रासोबत सूत्रांनी भरलेले कागद होते. हार्डी यांनी ते पाहिले, बाजूला ठेवले आणि दिवसभर त्यांच्याच विचारात राहिले. रात्री सहकारी लिटलवुड यांना सोबत घेऊन ते पुन्हा त्या कागदांकडे वळले. काही सूत्रे आधीच माहीत असलेली होती, काही कष्टाने सिद्ध करता येण्यासारखी होती आणि काही अशी होती की तशी त्यांनी पूर्वी पाहिलीच नव्हती. पत्र लिहिणारा लबाड नसून पहिल्या प्रतीचा गणिती आहे, असा निर्णय त्यांनी त्या रात्री केला. फेब्रुवारीत हार्डी यांचे उत्तर मद्रासला आले आणि त्यात सिद्धतांची मागणी होती.

एकाच विद्यापीठात तीन पत्रे गेली होती. त्यांतील दोन वाया गेली आणि एका पत्राने इतिहास घडवला. विद्यापीठाचे नाव तिन्ही वेळा तेच होते. फरक पडला तो वाचणाऱ्या माणसामुळे. यावरून परीक्षेतील वरचा क्रमांक माणसाला आंधळा करतो, असा निष्कर्ष मात्र काढू नये. लिटलवुड हेही सीनियर रँग्लर होते. त्याच सुमारास मद्रासला आलेले भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हेही सीनियर रँग्लर होते. वह्या पाहून त्यांनी मद्रास विद्यापीठाला जोरदार शिफारस केली. पहिला क्रमांक मिळालेला माणूस दार बंद करू शकतो आणि उघडूही शकतो.

त्यानंतर मद्रास विद्यापीठाने जे केले त्याची आठवण आपण पुरेशी ठेवत नाही. पदवी नसलेल्या माणसास संशोधन शिष्यवृत्ती देण्याची रीत नव्हती. विद्यापीठाने ती अडचण ओलांडली आणि 1913 च्या मे महिन्यापासून रामानुजन यांना दरमहा 75 रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावा, एवढीच अट होती. ज्या विद्यापीठाच्या परीक्षेने त्यांना बाहेर ठेवले होते, त्याच विद्यापीठाने स्वतःचा नियम बाजूला सारून त्यांना आत घेतले. हे केंब्रिजला जाण्याआधी घडले, हे ध्यानात घ्यावे. मात्र हार्डी यांचे उत्तर आले नसते तर हे धैर्य झाले असते काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

हार्डी यांनी केंब्रिजला येण्याचा आग्रह धरला, तेव्हा समुद्रपर्यटनाच्या निषेधामुळे रामानुजन यांनी नकार दिला. 1914 च्या प्रारंभी ट्रिनिटीचे तरुण गणिती ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले आणि त्यांनी प्रत्यक्ष भेटून मन वळवले. कुलदेवता नामगिरीने स्वप्नात आज्ञा दिली असे सांगून आईनेही अनुमती दिली. मद्रास विद्यापीठाने वर्षाला 250 पौंड मंजूर केले. तेव्हाच्या दराने ही रक्कम पावणेचार हजार रुपयांच्या घरात जाते. दोन वर्षांपूर्वी ज्यांची किंमत महिन्याला 30 रुपये ठरली होती, त्यांच्या वह्या त्याच होत्या. वाचणाऱ्याचे नाव मोठे होते, म्हणून त्यांचे मोल बदलले. नामांकित संस्थेचे हे सामर्थ्य कोणीही नाकारू नये.

17 मार्च 1914 रोजी 'नेवासा' बोटीने रामानुजन निघाले आणि एप्रिलच्या मध्यास इंग्लंडला पोहोचले. केंब्रिजने त्यांना काय दिले? प्रतिभा दिली नाही. ती कुंभकोणमहूनच आली होती. पण जे दिले ते थोडे नव्हते. पहिली देणगी होती सिद्धतेची. एकट्याने केलेल्या अभ्यासात त्यांनी युरोपने शंभर वर्षांत शोधलेल्या कित्येक गोष्टी पुन्हा स्वतः शोधल्या होत्या. हे जितके विस्मयकारक, तितकेच करुणही आहे; कारण ती वर्षे नव्या शोधाला मिळाली असती. मूळ संख्यांच्या वितरणाविषयी त्यांनी हार्डी यांना कळवलेले काही निष्कर्ष चुकीचे होते. त्यासाठी आवश्यक असलेला संमिश्र चलांचा सिद्धांत त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. चांगल्या ग्रंथालयात आणि जाणत्या सोबतीत ही चूक चार दिवसांत लक्षात आली असती. हार्डी यांच्यापुढे प्रश्न होता तो असा की शिकवावे तर किती? पद्धतशीर शिक्षणाच्या नादात अंतःप्रेरणा मारली जाण्याचा धोका होता. त्यांनी बेताबेताने शिकवले आणि आपणही त्यांच्याकडून शिकलो, हे मोकळेपणाने मान्य केले.

दुसरी देणगी होती सहकार्याची. 4 ही संख्या पूर्ण संख्यांच्या बेरजेने पाच प्रकारे लिहिता येते : 4, 3+1, 2+2, 2+1+1 आणि 1+1+1+1. 10 साठी असे 42 प्रकार आहेत, तर 100 साठी 19,05,69,292. संख्या मोठी झाली की हे प्रकार किती होतील, हे सांगणारे सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी मिळून शोधले. लष्करी अकादमीतून तोफखान्यात गेलेले पर्सी मॅकमेहन यांनी 200 पर्यंतच्या संख्यांचे कोष्टक हाताने आकडेमोड करून तयार केले होते. सूत्राचे उत्तर त्याच्याशी जुळले. एकाची झेप, दुसऱ्याची शिस्त आणि तिसऱ्याची चिकाटी, असे हे काम होते. यांतील एकाला पदवी मिळाली नव्हती आणि दुसरा लष्करी शिक्षण घेतलेला होता. तरी हे तिघे एका कामावर भेटले ते हार्डी यांच्यामुळे आणि केंब्रिजच्या वर्तुळामुळे.

1915 मध्ये रामानुजन यांचा दीर्घ निबंध लंडनच्या गणित मंडळाने प्रसिद्ध केला. आपल्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येपेक्षा ज्यांना अधिक विभाजक असतात, अशा 12 सारख्या संख्यांचा तो अभ्यास होता. त्याच संशोधनाच्या आधारे मार्च 1916 मध्ये केंब्रिजने त्यांना बी.ए. ही पदवी दिली. कुंभकोणम आणि मद्रास येथे जी पदवी परीक्षेने दिली नाही, ती येथे कामाने दिली.

परंतु या प्राप्तीची किंमतही मोजावी लागली. 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. लिटलवुड युद्धकार्यासाठी गेले आणि महाविद्यालयाचा परिसर ओस पडला. कडक शाकाहारी असलेले रामानुजन कॉलेजच्या भोजनगृहात जेवत नसत. खोलीत स्वतः शिजवावे, कधी रात्रभर काम करून दिवसा झोपावे, वेळी-अवेळी एकदाच खावे, असा क्रम झाला. युद्धामुळे भाजी आणि देशाकडून येणारे जिन्नस मिळेनासे झाले. घरून पत्रे क्वचित येत. 1917 मध्ये ते गंभीर आजारी पडले. क्षयाचे निदान करून त्यांना एकामागून एका आरोग्यधामात ठेवले गेले. पुढे वैद्यकीय अभ्यासकांनी हा आजार यकृताचा असावा, आमांशाच्या जुन्या संसर्गातून उद्भवला असावा आणि त्या काळीही त्यावर उपचार होता, असे मत मांडले आहे. जगातील उत्कृष्ट गणित जिथे होत होते, त्या ठिकाणी या माणसाला दोन वेळचे मानवेल असे जेवण मिळाले नाही.

मानसन्मानाची वाटही सरळ नव्हती. 1917 मध्ये ट्रिनिटीच्या फेलोशिपसाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ते स्वीकारले गेले नाही. वर्णाविषयीचा पूर्वग्रह त्यात होता आणि युद्धविरोधी हार्डी यांच्याविषयीची नाराजीही होती. मग 1918 च्या मे महिन्यात रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. मुंबईच्या वाडिया जहाजबांधणी घराण्यातील आर्देशर कर्सेटजी यांना हा मान 1841 मध्ये मिळाला होता. त्यांच्यानंतर तो मिळवणारे रामानुजन हे दुसरे भारतीय. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीनेही दार उघडले आणि ते त्या कॉलेजचे पहिले भारतीय फेलो झाले. थोर संस्थासुद्धा कधी कधी दुसऱ्या थोर संस्थेचा शिक्का पाहिल्यावरच निर्णय घेतात.

27 मार्च 1919 रोजी रामानुजन बोटीने मुंबईला उतरले, ते अस्थिपंजर होऊनच. मद्रास विद्यापीठाने वार्षिक 250 पौंडांची वृत्ती चालू ठेवली होती. मोठ्या पदाचा विचारही चालू होता. ज्यांना कारकुनाची जागा मिळवण्यासाठी दारोदार फिरावे लागले, त्यांच्या स्वागताला आता मद्रासचे मान्यवर येत होते. पण आता उशीर झाला होता. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेतही त्यांचे लेखन चालूच राहिले. 1920 च्या जानेवारीत त्यांनी हार्डी यांना शेवटचे पत्र लिहिले. तेही एका नव्या शोधाविषयी होते आणि त्यात वर्णन केलेली मॉक थीटा फलने पुढील शंभर वर्षे गणितज्ञांना पुरली. 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासच्या चेतपेट भागात त्यांचे निधन झाले. वय अवघे 32 वर्षांचे होते.

त्यांच्या मागे जानकीअम्मा सात दशकांहून अधिक काळ जगल्या. काही वर्षे मुंबईत भावाकडे राहून त्या शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतून त्यांनी शिवणावर चरितार्थ चालवला. पतीच्या कीर्तीचा प्रकाश त्या घरात फार उशिरा पोहोचला. रामानुजन यांच्या शेवटच्या वर्षातील कागदांचे बाड इंग्लंडला गेले आणि विस्मृतीत पडले. 1976 मध्ये अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना ते ट्रिनिटीच्या रेन ग्रंथालयात सापडले. मद्रासच्या आजारशय्येवर लिहिलेले ते कागद टिकले, कारण एका संस्थेने ते जपून ठेवले. आणि त्यांचे महत्त्व कळले, कारण एका जाणत्या माणसाने ते उघडून वाचले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. नामांकित विद्यापीठाने फरक पडतो काय? पडतो, असेच रामानुजन यांचे चरित्र सांगते. तेथे जाणते सोबती मिळतात, ग्रंथालय मिळते, चुका वेळेवर कळतात आणि नावाला वजन येते. ज्याला ती संधी मिळेल त्याने ती आनंदाने घ्यावी. रामानुजन यांचे नाव पुढे करून परीक्षेकडे पाठ फिरवणे हेही शहाणपणाचे नाही. तशी प्रतिभा शतकात एखाद्याकडे असते आणि अनुत्तीर्ण होण्याची किंमत त्यांनी ऐन उमेदीच्या वर्षांत, उपासमारीच्या रूपाने मोजली.

परंतु केंब्रिजपर्यंतचा रस्ता केंब्रिजने बांधला नव्हता. तो बांधला कुंभकोणमच्या एका मुख्याध्यापकाने, तिरुक्कोयिलूरच्या डेप्युटी कलेक्टरने, नेल्लोरच्या कलेक्टरने आणि बंदरातील एका हिशेबनिसाने. यांतील एकही जण मोठ्या विद्यापीठाच्या आसनावर बसलेला नव्हता. समोरच्या मुलाने काय केले आहे, ते त्यांनी वेळ काढून वाचले आणि पुढच्या माणसाकडे पाठवले. या साखळीतील एखादी कडी गळली असती, तर हार्डी यांना ते पत्र मिळालेच नसते. आणि वह्या कोऱ्या असत्या, तर ही सारी साखळी असूनही काही घडले नसते.

म्हणून प्रवेशाच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याने स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा : दाखवण्यासारखे माझ्या वहीत काय आहे? आणि संस्था निवडताना तिच्या कीर्तीसोबत हेही पाहावे, की तेथे माझे काम वाचणारे कोणी आहे काय? यादीत नाव लागले नाही, तरी हे दोन प्रश्न शिल्लक राहतात आणि त्यांची उत्तरे कोणत्याही गावातील कोणत्याही महाविद्यालयात शोधता येतात.

शाळांसाठीही यात एक काम सांगितले आहे. टाउन हायस्कूलने रामानुजन यांना केंब्रिजला पाठवले नाही; तिच्या हाती ते नव्हते. तिने आपल्या विद्यार्थ्याला नीट पाहिले आणि जे पाहिले ते भर सभेत सांगितले. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेला पुढील साठ वर्षांत, मोठ्या विद्यापीठांच्या यादीत नाव लागलेल्यांइतकेच न लागलेल्यांच्याही बाबतीत, एवढे नक्कीच करता येईल.